एका वर्षात बर्फावर आणि सायकलवर

उन्हाळी आणि हिवाळी, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये पदक म्हटलं की अमेरिकेच्या एडी ईगनचं नाव निघतं. १९२० ला बॉक्सिंगचं आणि १९३२ ला बॉबस्लेचं (बर्फाच्या उतारावरून घसरगाडी पळवायची शर्यत) सुवर्ण, मोठा माणूस, मान्य. पण त्याच्या बॉबस्लेत चौघं होते हो! मला विचाराल तर पूर्व जर्मनीची क्रिस्टा रोथेनबर्गर-लुडिंग त्याच्याहून भारी. फेब्रुवारी १९८८ मध्ये कॅलगरीला स्पीड स्केटिंगमध्ये १००० मीटरचं सुवर्ण, ५०० मीटरचं रौप्य. त्याच सप्टेंबरात सोलला सायकलिंगच्या स्प्रिंटमध्ये रौप्य. अंतिम फेरीत एरिका सालुमाएकडून हरली. एकाच वर्षी दोन्हीकडे पदक मिळवणारी ती एकटीच. आता हिवाळी आणि उन्हाळी ऑलिम्पिक एका वर्षी होतच नाहीत, त्यामुळे हा विक्रम कोण मोडणार?

"बर्फाचा नि सायकलचा काय संबंध" असं कुणी विचारेल. सगळा खेळ मांड्यांचा. स्केटिंगवाले गुडघे वाकवून, जवळजवळ बसल्यासारखे पाय बाजूला रेटतात. तीच मांडी पेडलवर चालते. कॅनडाची क्लारा ह्यूजही दोन्हीकडची, १९९६ ला सायकलिंगची दोन कांस्यं आणि २००६ ला स्केटिंगचं सुवर्ण.

आमच्या मालवणात बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीत फोडून घालायचा, तेवढाच. पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, ओढणारे बघा कधी. टाचा वाळूत रुतवलेल्या, गुडघे वाकलेले, अंग मागे टाकलेलं, आणि पोटऱ्या अशा की दगड. मी एकदा हौसेने दोराला हात लावला होता. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून आडवा आडवा उतरलो, आणि आई वर हसत उभी.