लग्नाची डीव्हीडी एन्कोड करताना अक्षतांचे चौकोन होतायत, सेटिंग काय ठेवू?

मधलीसुट्टी:
मंडळी, ताईच्या लग्नाच्या (२००७) तीन डीव्हीडी आहेत, त्यातली एक आता अडकायला लागलीय म्हणून म्हटलं सगळं पीसीवर घेऊन टाकू. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ दाबून नवी फाइल बनवणारा प्रोग्रॅम) एच.२६५ (दाबायची नवी पद्धत), आरएफ २८ (दर्जाचा आकडा, जास्त म्हणजे फाइल लहान पण चित्र खराब) लावलं, फाइल एकदम चिमुकली झाली, मी खूश. मग मंगलाष्टकं बघितली. शेवटच्या 'सावधान'ला अक्षता उडाल्या की अख्खी स्क्रीन चौकोनी चौकोनी, भटजींचा चेहरापण त्यातच गेला. शिवाय वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारख्या आडव्या रेषा. आरएफ २२ केलं, चौकोन कमी झाले पण रेषा तशाच. १०८०पीला अपस्केल केलं, म्हणजे चित्र ताणून मोठं केलं, तर सुधारेल का? आईला टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघायचंय, टीव्ही जुना आहे.

खटपट्या:
अरे हे दोन वेगळे आजार आहेत. रेषांचा आणि आरएफचा काही संबंध नाही. आपल्याकडची डीव्हीडी म्हणजे पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण लग्नाच्या शूटिंगमध्ये एकेक फ्रेम दोन हप्त्यांत घेतलेली असते, आधी एकाआड एक ओळी आणि १/५० सेकंदाने उरलेल्या. तेवढ्यात हात हलला की दोन्ही अर्धे जुळत नाहीत, तोच तुझा कंगवा. फिल्टर्समध्ये जाऊन डीइंटरलेस (हे अर्धे सोडवणारा फिल्टर) चालू कर आणि त्यात बॉब निवड, तो प्रत्येक अर्ध्याची वेगळी फ्रेम करतो, मग ५० फ्रेम मिळतात आणि नाच मूळ डीव्हीडीसारखा सळसळीत दिसतो. फ्रेमरेट २५ वर लॉक केला असशील तर काढ.
अक्षतांचं असं की एन्कोडर मागच्या फ्रेममधलं काय कुठे सरकलं ते बघून जागा वाचवतो, शेकडो दाणे एकदम चारी दिशांना उडाले की वाचवायला काही उरतच नाही बिचाऱ्याला. आरएफ १८ ते २०, प्रीसेट (वेगाची सेटिंग) स्लो, आणि जुना टीव्ही म्हणतोयस तर आधीची पद्धत एच.२६४ च घे, २६५ तिथे चालेलच असं नाही. अपस्केल नको, मुळात नसलेलं डिटेल कुठून येणार, आणि ताणायचं काम टीव्ही स्वतः करतोच की.

चहाबाज:
वरचं सगळं बरोबर, पण आधी डिस्कवरचा व्हिडिओ_टीएस फोल्डर (सगळा व्हिडिओ त्यातच असतो) जसाच्या तसा कॉपी करून ठेवा. तीन साध्या डिस्क म्हणजे साधारण १४ जीबी, आजच्या हार्डडिस्कला काय ते. मी धाकट्याच्या मुंजीचं ७०० एमबीत कोंबलं आणि डिस्क भंगारात दिल्या, आता सगळ्यांचे चेहरे मेणाचे दिसतात आणि परत करायला हातात काही नाही.
अडकणारी डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, कधी कधी तिथे निमूट वाचली जाते. नाहीच तर डीडीरेस्क्यू नावाचं खराब डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर, ते आधी चांगला भाग उचलतं आणि मग खराब जागेवर परत परत येतं, रात्रभर लागू शकतं.

नव्वदचीबॅच:
आणि पिक्सेलचा रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) हँडब्रेक आपोआप घेतो तो राहू द्या. पालचे पिक्सेल चौकोनी नसतात, ४:३ चं चित्र ७६८ बाय ५७६ एवढं दिसायला हवं. मी एकदा ७२० वरच ठेवलं तर घरातल्या सगळ्या मावश्या थोड्या बारीक झाल्या, तक्रार कोणीच केली नाही 😀 ऑडिओ पासथ्रू (मूळ आवाज जसाच्या तसा) ठेवा, सनई उगाच परत दाबू नका.

मधलीसुट्टी:
धन्यवाद लोकहो! आधी तिन्ही कॉपी केल्या, अडकणारी मित्राच्या जुन्या लॅपटॉपमध्ये पहिल्याच फटक्यात वाचली गेली. मग मंगलाष्टकांचा दोन मिनिटांचा तुकडा एच.२६४, आरएफ १९, बॉब लावून काढला. रेषा गायब, अक्षता दाणा दाणा दिसतायत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या काकाने भटजींच्याच डोक्यावर नेम धरून टाकल्यात हे १८ वर्षांनी कळलं. उरलेलं आज रात्री लावतो.