गूगल कॅलेंडर: दर शनिवारच्या चालू मीटिंगमध्ये नवीन लोक कसे घ्यायचे? मदत हवी आहे

मंडळी, जरा अडलंय. आमचं ज्ञानेश्वरी वाचन दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला गूगल मीटवर असतं, त्याची रिपीट होणारी मीटिंग मी माझ्या आयडीवरून केलीये. ३१ जण आहोत, बहुतेक साठीच्या पुढचे. व्हॉट्सॅपवर नुसती लिंक टाकून भागत नाही कारण एक काकू मुलीकडे न्यू जर्सीला असतात, त्यांच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे १० आणि थंडीत ९ वाजलेले असतात, कॅलेंडरमध्ये त्यांना त्यांची वेळ आपोआप दिसते.

आता अजून ४ जण येतो म्हणतायत. नावं टाकून सेव्ह केलं की विचारतं, फक्त हाच शनिवार, हा आणि यापुढचे, की सगळे? मागच्या महिन्यात एक ताई नवीन आल्या तेव्हा मी "हा आणि यापुढचे" केलं, म्हटलं नवीन माणसाला जुन्या तारखा कशाला. तर मालिकेचे दोन तुकडे झाले. नंतर मी एका जुन्या शनिवारवरून "सगळे" करून अध्यायांचं वेळापत्रक बदललं ते फक्त मागच्या तुकड्याला लागलं, पुढे कुणाला दिसलंच नाही. एक आजी चष्मा लावून, सहाव्या अध्यायात खूण घालून तयार बसलेल्या आणि आम्ही सातवा सुरू केला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं ते.

म्हणून काल माझ्या आणि मुलीच्या आयडीवर एक खोटी मीटिंग करून बघितली. "सगळे" निवडून तिसरा आयडी घातला तर आमंत्रणाचा मेल फक्त त्या नवीन आयडीला गेला, आम्हाला दोघींना नाही. म्हणजे जुन्यांना उगीच मेल जात नाहीत, तेवढी धास्ती गेली.

पण दोन गोष्टी अडतायत. येत्या एकादशीचा शनिवार आम्ही सकाळी ७ ला घेतलाय, तो एकच दिवस बदललेला आहे. आता "सगळे" करून ४ नावं घातली तर तो परत साडेसातवर जाईल का, आणि नवीन लोकांना त्या दिवसाचं आमंत्रण मिळेल का? दुसरं म्हणजे एकेक नाव घालण्यापेक्षा गूगल ग्रुप काढून त्याचा एकच पत्ता मीटिंगमध्ये घालावा असं भाचा म्हणतो. असं कुणी चालवतंय का? नंतर ग्रुपात आलेल्या माणसाच्या कॅलेंडरवर पुढचे शनिवार आपोआप येतात का? शनिवारच्या आत सांगितलंत तर फार बरं होईल.