मूल न झालेल्या सहकाऱ्यांसाठी कामाच्या ठिकाणी आधारगट कसा सुरू करावा?

प्रश्न (कुपवाड, सांगली)
मी येथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कार्मिक विभागात काम करते. मूल हवे असूनही झाले नाही असे काही सहकारी आमच्याकडे आहेत. कोणाचे उपचार चालू आहेत, तर कोणी ते थांबवले आहेत. संक्रांतीचे हळदीकुंकू किंवा एखादीचे डोहाळजेवण असले की त्यांच्यापैकी काही जणी नेमकी त्याच दिवशी रजा टाकतात. त्यांना एकमेकींचा आधार मिळावा असे मला मनापासून वाटते, परंतु फलकावर सूचना लावली तर येणाऱ्या प्रत्येकीवर शिक्का बसेल. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर (सातारा)
आमच्या कार्यालयात असा गट आहे आणि त्यात मी स्वतः आहे. कार्मिक विभागाने जागा आणि वेळ द्यावी, नावे मात्र मागू नयेत. सूचना सर्वांना पाठवावी आणि तिच्यात संपर्कासाठी विभागाचा नव्हे, तर स्वतः या अनुभवातून गेलेल्या एखाद्या सहकाऱ्याचा क्रमांक द्यावा. गटात आम्ही एक नियम कटाक्षाने पाळतो : कोणी विचारल्याखेरीज सल्ला द्यायचा नाही, मग तो डॉक्टरांविषयी असो, नवसाविषयी असो की दत्तक घेण्याविषयी, कारण सल्ले घरीदारी पुष्कळ मिळतात, पूर्ण ऐकून घेणारे माणूस मिळत नाही. उपचार चालू असलेल्यांची आणि ते थांबवलेल्यांची बैठक शक्यतो वेगळी ठेवावी. एकीला उद्याच्या तपासणीची धास्ती असते, दुसरीला मुलाविना पुढचे आयुष्य उभे करायचे असते, आणि एकत्र बसल्यावर दोघीही मोकळेपणाने बोलत नाहीत असे मी पाहिले आहे.

उत्तर (मिरज)
आपल्या प्रश्नात ‘जणी’ आणि ‘एकमेकींचा’ असे आले आहे, म्हणून लिहितो. कारण पुरुषातही असू शकते आणि नसले तरी दुःख दोघांचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 17.5 टक्के प्रौढांना, म्हणजे दर सहांपैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. तरीही पाळीवर काम करणारा पुरुष पत्नीच्या तपासणीसाठी सुट्टी मागताना खरे कारण सांगत नाही. कृपया गट दोघांसाठी ठेवावा.

उत्तर (सांगली)
गटाबरोबर रजेचाही विचार व्हावा. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 च्या कलम 65 नुसार (पूर्वी मातृत्व लाभ कायदा, 1961 चे कलम 9) गर्भपात झालेल्या पात्र महिलेला पुरावा दिल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि ही तरतूद अनेकींना ठाऊकच नसते. टेस्ट ट्यूब उपचारांसाठी मात्र या कायद्यात स्वतंत्र रजा नाही. त्यामुळे तपासणीच्या दिवशी कारण न विचारता पाळी बदलून देणे व्यवस्थापनाच्याच हाती आहे. एखाद्याचे दुःख गटाच्या आवाक्याबाहेरचे वाटले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक त्याला द्यावा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. पुरुषांचा विचार माझ्या मनात आला नव्हता, हे खरे. सूचनेचा मसुदा मी सर्व कर्मचाऱ्यांसाठी लिहीत आहे आणि त्यातच कलम 65 ची माहितीही देणार आहे. संपर्कासाठी कोण पुढे येईल, हे मात्र आधी एका ज्येष्ठ सहकारी ताईंशी बोलून, त्यांची तयारी असेल तरच ठरवीन.