जुन्या चित्राची नक्कल करून व्यक्तिचित्र शिकता येतं का?

कोरा_कॅनव्हास
तैलरंगात चेहरे काढतोय त्याला दोन वर्षं झाली, पण माझे सगळे चेहरे मातीचे दिसायचे. शेवटी डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी (१६६५ च्या सुमारास) मूळ मापातच, ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर, उतरवायला घेतली. दीड महिना गेला. नाकाची कड मी आधी व्यवस्थित रेषेने काढली होती. मग फोटो मोठा करून बघितला तर तिथे रेषच नाही! नाक आणि पलीकडचा गाल एकाच उजळ छटेत मिसळून गेलेत, नाक आपणच मनाने बघतो. रेष पुसली आणि चेहरा एकदम जिवंत झाला. जिवंत मॉडेलसमोर बसून हे मला कधी कळलं असतं कोण जाणे. माझं मत: नवशिक्याने आधी एक तरी नक्कल पूर्ण करावी.

तिरपा_ब्रश
असहमत. समोरचा माणूस हलतो, त्याची मान अवघडते, उजेड सरकतो. ते गोल डोकं सपाट कॅनव्हासवर कसं बसवायचं, ही खरी मेख. ती व्हर्मीरने कधीच सोडवून ठेवलीय, तुम्ही फक्त उत्तर उतरवून घेताय.
आणि पार्श्वभूमी काळी केलीत ना? २०२० मध्ये मूळ चित्र जिथे आहे त्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने जाहीर केलं की तिथे मुळात हिरवा पडदा होता. पातळ हिरव्या थराचा रंग काळाच्या ओघात बदलला. म्हणजे साडेतीनशे वर्षांची पडझडही तुम्ही इमानाने गिरवलीत.

कोरा_कॅनव्हास
काळीच केली, कबूल. पण मला रंग नको होता, उजेड सावलीत कसा उतरत जातो ते हवं होतं. ते त्या काळ्यावरही शिकता आलं. आणि नक्कल इतकी निरुपयोगी असती तर व्यक्तिचित्रांसाठी गाजलेला अमेरिकन चित्रकार सार्जंट १८७९ मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जाऊन जुन्या स्पॅनिश चित्रकाराची, वेलास्केसची, चित्रं कशाला उतरवत बसला असता?

तिरपा_ब्रश
सार्जंट त्याआधी १८७४ पासून पॅरिसमध्ये व्यक्तिचित्रकार कारोल्यूस-द्युराँच्या हाताखाली शिकत होता. प्रश्न घेऊन गेला म्हणून त्याला उत्तर दिसलं. आधी पन्नास चेहरे बिघडवा, मग खुशाल नक्कल करा.

जवसाचं_तेल
तुमचं भांडण आधी काय आणि नंतर काय याचं आहे. माझा अनुभव जरा वेगळा. रेम्ब्रांटचं १६२८ च्या आसपासचं छोटं आत्मचित्र आहे, डोळे जवळजवळ अंधारात असलेलं. त्यात केसांच्या बटा त्याने ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकाने खरवडल्यात. मी केस शनिवारी रंगवले आणि खरवडायला बसलो सोमवारी. केसांना वापरलेला अंबर हा तपकिरी मातीचा रंग सगळ्यात लवकर वाळणाऱ्यांपैकी, टोक नुसतं घसरत राहिलं. दुसऱ्या खेपेला रंग लावला आणि लगेच खरवडलं, तेव्हा कुठे बटा उमटल्या. आधी वाटायचं की तो हळूहळू कोरत बसला असेल. छे! तिथे घाईच करावी लागते. चित्र कसं दिसतं यापेक्षा कोणत्या क्रमाने झालं ते उतरवलं, तर नक्कलेची मेहनत सार्थकी लागते.

तिरपा_ब्रश
हे पटलं, खरवडण्यापुरतं. पण कोरा_कॅनव्हास, त्या दीड महिन्यानंतर जिवंत माणूस काढलात का?

कोरा_कॅनव्हास
काढला. बहिणीला खुर्चीत बसवलं, दहाव्या मिनिटाला ती फोन बघायला लागली. नाकाची कड मुद्दाम सोडून दिली, व्हर्मीरसारखी. नाकच गायब झालं.

तिरपा_ब्रश
उजेड कुठून येत होता?

कोरा_कॅनव्हास
…समोरून.