भाताच्या लोंब्यांचं तोरण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कसं टिकवायचं?

शरदिनी:
भाताच्या लोंब्या, कुर्डू, झेंडू आणि आंब्याची पानं घेऊन दसऱ्याचं तोरण घरीच करायचं आहे. दार ३ फुटी. लक्ष्मीपूजनापर्यंतचे २० दिवस ते टिकायला हवं. बाजारच्या तोरणाचे दाणे चार दिवसांत उंबऱ्यावर पडू लागतात आणि आतल्या काड्या काळ्या पडून कुबट वास येतो. लोंब्या कधी कापायच्या, किती लागतील, बांधायच्या कशा? दिवाळीनंतर ते चिमण्यांसाठी टांगायचं आहे, त्यामुळे वॉर्निश नको.

पेंढेवाला:
दाणे गळतात ते लोंबी जास्त पिकल्यामुळे. दाणा देठाला जिथे जोडलेला असतो, तो सांधा पिकताना कोरडा होऊन सुटतो. म्हणून लोंबीचे चारांतले वरचे तीन हिस्से सोनेरी आणि बुडाचे थोडे दाणे हिरवट असतानाच कापा. दसऱ्याच्या सुमाराला हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भातच या अवस्थेत मिळतं. घटस्थापनेच्या आसपास, दव सुकल्यावर, दुपारी कापणी करा, म्हणजे सुकवायला नऊ दिवस मिळतात. लोंबीखाली २० सेंमी काडी ठेवा, पातं काढून टाका.

१५-२० लोंब्यांच्या जुड्या रबरबँडने बांधून सावलीत, वाऱ्यावर उलट्या टांगा. सुकताना काड्या बारीक होतात. सुतळी तेव्हा सैल पडते, रबर आवळत जातं. कडक उन्हात रंग उडतो आणि काडी ठिसूळ होते. परतीचा पाऊस सुरू असेल तर खोलीत पंख्याखाली टांगा.

३ फुटी दाराला १०० सेंमी तोरण पुरतं, पण बांधायला दोन्ही टोकांना २० सेंमी धरून जाड सुतळी १४० सेंमी घ्या. दर ५ सेंमीला सहा लोंब्यांची जुडी, म्हणजे १२० लोंब्या. मोडतोड धरून १५० आणा.

बांधण्याआधी फक्त काड्या अर्धा तास कोमट पाण्यात उभ्या ठेवा, दाणे पाण्याबाहेर. कोरडी काडी वळवली की हमखास तुटते. जुडी सुतळीमागे धरा, लोंब्या खाली, काड्या वर. काड्या सुतळीवरून पुढे वळवून खाली आणा आणि सुतळीच्या लगेच खाली दोऱ्याचे दोन घट्ट वेढे देऊन गाठ मारा. शेपट्या ३ सेंमी ठेवून कापा. मग तोरण पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. ही पायरी गाळली तर वळणाच्या आत ओल राहते आणि काळेपणा तिथूनच सुरू होतो.

माळीण:
कुबट वासाचं दुसरं कारण झेंडू. ताजं फूल लोंबीला चिकटून बांधलं की त्याचं पाणी दाण्यात उतरतं आणि बुरशी धरते. म्हणून दोन सरी करा, प्रत्येकीचे खिळे वेगळे. मागे लोंब्यांची कायमची, पुढे ३-४ सेंमी अंतर सोडून झेंडू आणि आंब्याची. पुढची सर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बदलायची. पानं धुतलीत तर पुसून ओवा.

कुर्डू मात्र मागच्या सरीत घालता येतो, कारण तो सुकूनही रूप राखतो. तुरा वरून गुलाबी, खालून पांढरा झालेला निवडा, उलटा टांगून सुकवा आणि कागदावर झटका. काळं चकचकीत बी भरपूर पडतं, ते दारात सांडायला नको. नाचणीची कणसं आणि वरीही सुंदर दिसतात, त्यांनाही सुकवण्याचा हाच नियम.

शरदिनी:
दोघांचे मनापासून आभार. शेत जवळ नसेल तर दादरच्या फुलबाजारातल्या लोंब्या चालतील? आणि सुकल्यावर दाण्यात किडे झाले तर?

पेंढेवाला:
चालतील. त्या बहुधा ओल्या आणि घट्ट बांधलेल्या येतात. घरी आल्याआल्या जुड्या सोडून पसरा. शेतकऱ्याकडून थेट घेत असाल तर शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते विचारा, कारण दाणे चिमण्या खाणार आहेत.

किड्यांची अंडी शेतातूनच येऊ शकतात. पूर्ण सुकलेल्या लोंब्या पिशवीत घट्ट बंद करून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं.

दिवाळीत या तोरणाखाली किंवा शेजारी पणती नको. सुका पेंढा क्षणात पेट घेतो, किमान १ मीटर अंतर ठेवा. आकाशकंदिलात गरम होणारा पिवळा बल्ब असेल तर त्यालाही लोंब्या टेकू देऊ नका, एलईडी लावा.

माळीण:
चिमण्यांसाठी टांगताना झेंडूची सर, सुया, टाचण्या काढा आणि तोरण भिंतीपासून हातभर लांब, तारेवर टांगा. भिंतीला टेकलं तर उंदीर चढतात, कठडा जवळ असेल तर मांजर पोचतं.