अनुभव धागा: शोधायला निघालो तेव्हा आपण कुठे उभे होतो?

मागच्या महिन्यात गीतेची माझी जुनी प्रत सापडली. समासात दोन तऱ्हेच्या खुणा आहेत. पेन्सिलीच्या रेघा बाविसाव्या वर्षीच्या, निळ्या शाईच्या पन्नाशी उलटल्यावरच्या. दोन्ही खुणा पडल्यात असा एकही श्लोक नाही. 'ऊठ, युद्धाला उभा राहा' अशा जागी सगळी पेन्सिल, तर शाई स्थितप्रज्ञाच्या लक्षणांभोवती आणि बाराव्या अध्यायात. पुस्तक तेच होतं. मी दोनदा वेगवेगळ्या गरजा घेऊन त्याच्याकडे गेलो होतो, आणि दोन्ही वेळा मला वाटत होतं की आपल्याला 'गीता काय सांगते' ते कळलं.

मोठ्यांचंही असंच झालेलं दिसतं. शंकराचार्यांना त्याच सातशे श्लोकांत ज्ञान आणि संन्यास दिसला, रामानुजांना भक्ती. टिळकांनी १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात कर्मयोगाचा भक्कम शास्त्रीय ग्रंथ उभा केला. विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सोबतच्या कैद्यांशी दर रविवारी त्याच गीतेवर बोलले, आणि ते हितगुज झालं. भिंती दोघांभोवतीही होत्या, तरी वाचन निराळं.

म्हणून हा धागा. तुम्ही ज्या जागेवरून शोधायला निघालात, त्या जागेने तुमच्या शोधाला काय केलं? मतं नकोत, घडलेलं लिहा. आणि 'ज्याचं त्याचं सत्य' म्हणून विषय मिटवू नका, ही कळकळीची विनंती. ते वाक्य मी वीस वर्षं वापरलं. त्यामुळे समोरच्याचं ऐकून घेणं तेवढं टळलं.

———

आयसीयूतली नर्स

एकोणीस वर्षं झाली, बहुतेक रात्रपाळ्याच. देव म्हणजे हाक मारली की येणारा कोणीतरी, असं मी धरून चालले होते. येत नाही म्हणून रुसलेही होते, चांगली दोन-तीन वर्षं. असं का धरून चालले होते ते फार उशिरा लक्षात आलं. बेल वाजली की धावायचं, हेच माझं आयुष्य. मी देवालाही नर्स करून टाकलं होतं.

एका रात्री एक आजोबा होते. आपण यातून उठणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी हात हातात घेऊन विचारलं, "आजोबा, प्रार्थना म्हणू का?" ते म्हणाले, "सिस्टर, तो पडदा तेवढा सरकवा." बाहेर काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत. अर्धा तास ते त्या भिंतीकडे पाहत होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना काय दिसत होतं ते मला कळणार नाही, आणि मी विचारलं नाही हे बरं केलं असं वाटतं.

तेव्हापासून माझं मागणं थांबलंय. ड्युटी संपली की कपडे बदलण्याआधी दहा मिनिटं नुसती बसते. कोणी यावं म्हणून नाही.

———

गणिताचा शिक्षक

ध्यानाला बसायला लागलो तेव्हा वही केली. रोजच्या बैठकीला दहापैकी गुण. मन किती वेळा भरकटलं, शांतता किती, शेवटी कसं वाटलं. चौदा महिने एकही दिवस चुकवला नाही. मग आलेख काढला आणि मनापासून आनंद झाला, कारण रेघ वर चढत होती.

त्याच वहीच्या कोपऱ्यात मी झोपेचे तासही टिपत होतो, निव्वळ सवयीने. एकदा ती रेघ पहिल्या रेघेवर ठेवून पाहिली. जवळजवळ एकच! ज्याला मी साधनेतली प्रगती समजत होतो, त्यातली बरीचशी माझी झोप सुधारल्याची नोंद होती.

दोन आठवडे बसलोच नाही. मग पुन्हा बसलो, वहीशिवाय, आणि अतिशय अस्वस्थ झालो. मोजल्याशिवाय काही घडतं यावर माझा विश्वासच नव्हता. खरी साधना तिथून सुरू झाली असं म्हणणार नाही. आपण कोणत्या चाळणीतून सगळं गाळतोय, ती चाळणी मात्र पहिल्यांदा हाताला लागली.

धागाकर्त्यांनी 'ज्याचं त्याचं सत्य' नको म्हटलंय, त्यावर माझ्या विषयातलं एक सांगतो. कागदावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन रेखावृत्तं काढा, एकमेकांशी काटकोनात. तिसरी बाजू विषुववृत्ताची. त्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. उत्तर पृष्ठभागाप्रमाणे बदललं, पण म्हणून मनाला येईल ते उत्तर चालत नाही. गोलावर कोणी त्याच त्रिकोणाचे १८० सांगितले तर ते चूकच.

———

जन्मांध वाचक (हे सगळं स्क्रीन रीडरवर ऐकून लिहितेय)

अध्यात्माची भाषा डोळसांनी केलेली आहे. दर्शन. साक्षात्कार, म्हणजे शब्दातच 'अक्ष', डोळा. साक्षी, तोही डोळ्यातून आलेला. दृष्टांत, दिव्यदृष्टी, आत्मज्योत. अज्ञान म्हणजे अंधार आणि ज्ञान म्हणजे प्रकाश. लहानपणापासून हे ऐकताना मला एकच वाटायचं: ही सगळी वाट माझ्या घरावरून जात नाही.

अठरा-एकोणिसाव्या वर्षी मी एका प्रवचनकारांना विचारलं होतं, "प्रकाश म्हणजे काय अनुभवायचं मी?" त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, तुला आतले डोळे आहेत." सभा हेलावली. मला राग आला, कारण मला आतलेही डोळे नाहीत. मी जग बाहेरून ऐकते आणि आतूनही ऐकते. स्वप्नातसुद्धा मला दिसत नाही. आवाज असतात, स्पर्श असतात, वास असतात.

मग मी माझ्यापुरती भाषा बदलली. 'प्रकाश' आला की त्या जागी 'जवळीक' म्हणून पाहायची. अंधारातून प्रकाशाकडे म्हणजे दुरून जवळ. दालनात कोणी आलं तर ते बोलण्याआधीच मला कळतं, हवेचा बाज बदलतो, माझ्या पावलाचा आवाज वेगळा परत येतो. तशी एक जवळीक मी एकटी बसले असताना कितीतरी वेळा जाणवली आहे. कोणी आलेलं नसतं. डोळस माणसांच्या वर्णनाशी माझं काही जुळत नाही म्हणून कितीतरी वर्षं मी याला अनुभव म्हणायचीच नाही. केवढं वाया गेलं!

आता हत्तीच्या गोष्टीबद्दल. या विषयात ती येतेच आणि मला तिच्यावर बोलायचंच आहे. पाली भाषेतल्या 'उदान' या बौद्ध ग्रंथात ती आहे. राजा जन्मांधांना गोळा करतो, कोणाला सोंड, कोणाला पाय, कोणाला शेपूट हाताळायला देतो, आणि ते 'हत्ती असाच' म्हणत गुद्द्यांवर येतात. राजाची करमणूक होते. गोष्टीचा रोख मतांना चिकटून भांडणाऱ्यांवर आहे, तो मला मान्य आहे. पण कोणत्याही आंधळ्या माणसाला विचारा: अनोळखी मोठी वस्तू समोर आली तर आम्ही एकाच जागी हात ठेवून उभे राहत नाही. आम्ही तिच्याभोवती फिरतो. दुसऱ्याला विचारतो, "तुझ्या बाजूला काय आहे?" आमचा दिवस असाच पार पडतो. त्या गोष्टीत कोणाला पुढचं पाऊलच टाकू दिलेलं नाही.

आणि गोष्ट सांगणाऱ्याला नेहमी पूर्ण हत्ती दिसत असतो. 'सगळे धर्म म्हणजे हत्तीचे तुकडे' असं जे प्रेमाने म्हणतात, ते स्वतःला कुठे उभं करतात? राजाच्या जागी. सूफी कवी रूमीच्या 'मसनवी' या काव्यात हीच गोष्ट अंधाऱ्या घरात घडते, हाताने चाचपडणारे सगळे डोळस असतात. ती मला जास्त खरी वाटते. तिथे कोणालाही सूट नाही.

गणिताच्या सरांना एवढंच, की तुमचं पटलं. हत्ती आहे म्हणूनच माझ्या हाताला काहीतरी लागतं.

———

जैन घरात वाढलेला

वरच्या ताईंचं वाचून काही तास गप्प होतो. त्या राजाच्या जागी मी उभा राहिलोय.

स्याद्वाद, म्हणजे प्रत्येक विधान एका बाजूपुरतं खरं मानणारा जैन विचार, मला बाराव्या वर्षी पाठ होता. अस्ति (आहे), नास्ति (नाही), अवक्तव्य (सांगता न येणारं), आणि त्यांच्या जोडण्या मिळून सात भंग, म्हणजे विधानाचे सात प्रकार. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, 'एका अपेक्षेने', म्हणजे एका बाजूने पाहता, हे मी कॉलेजात सगळ्यांना समजावून सांगायचो. वादात मी हरत नसे. समोरचा काहीही म्हणाला की मी म्हणायचो, "हो, एका नयाने (दृष्टिकोनाने) बरोबर आहे." त्याचं म्हणणं एका खणात ठेवून द्यायचं आणि आपण कपाटाच्या बाहेर.

बायकोने एकदा सांगितलं, "तुम्ही माझं कधी चूक म्हणत नाही आणि कधी ऐकतही नाही." आमचं मूल गेलं त्या वर्षातली ही गोष्ट. ती चिडून देवाशी भांडत होती आणि मी तिला 'तुझ्या दृष्टीने ते योग्यच आहे' म्हणत होतो. त्या क्षणी माझ्या अनेकान्तात, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात या विचारात, मी सोडून सगळे होते. माझ्या म्हणण्याआधी 'स्यात्' मी कधी लावलाच नव्हता.

अजूनही मी तेच तत्त्वज्ञान मानतो, आधीपेक्षा घट्ट. फक्त आता ते पहिल्यांदा स्वतःवर लावून पाहतो, आणि ते दुखतं.

———

नाव-गाव नको

तीन दिवस झोपलो नव्हतो. चौथ्या पहाटे सगळं एक आहे हे कळलं. विचार म्हणून नव्हे. माझा हात आणि टेबल यांत फरक उरला नव्हता. मी रडत होतो आणि आयुष्यात इतका निर्भय कधी नव्हतो. त्यानंतर पाच दिवसांत मी साठवलेले पैसे वाटून टाकले, बहिणीला 'तू अज्ञानात आहेस' म्हणून घराबाहेर काढलं आणि शेवटी रुग्णालयात पोचलो. निदान: बायपोलर. औषध आजही चालू आहे आणि चालू राहणार.

आजारातून उठल्यावर मला दोन्ही बाजूंनी ओढलं गेलं. एक म्हणाले, ते सगळं मेंदूतल्या रसायनांचं. दुसरे म्हणाले, डॉक्टरांना काय कळतंय, तुला समाधी लागली होती, गोळ्या सोड. (ज्यांनी हा सल्ला दिला त्यांच्यापासून मी लांब राहिलो, आणि कोणी असा सल्ला दिला तर तुम्हीही राहा.) मला आधार मिळाला तो मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या १९०१-०२च्या एडिंबरातल्या व्याख्यानांतून. अनुभव शरीरात कुठून उगवला यावर त्याची किंमत ठरत नाही, तो माणसाच्या जगण्यात काय फळ धरतो ते पाहा, असा त्यांचा आग्रह.

मी फळं पाहिली. बहिणीला घराबाहेर काढणं हे त्याच पहाटेचं फळ होतं. पण आता, औषधं घेत असताना, कोणाशी वाद पेटला की त्या टेबलावरचा हात आठवतो आणि माझा आवाज खाली येतो. हेही तिथलंच. दोन्ही फळं मी ताईला दाखवली आहेत. ती म्हणाली, "दुसरं ठेव."

———

न मानणारा

थोडक्यात लिहितो. माझा कल चार्वाकांकडे: प्रत्यक्ष तेवढं प्रमाण. त्यांचे विचारही आपल्यापर्यंत बरेचसे विरोधकांच्या ग्रंथांतून आलेत, याचं मला दुःख आहे.

आईची नजर गेली तेव्हा तिचं रोजचं स्तोत्रांचं वाचन माझ्याकडे आलं. पहिले काही दिवस मी भरभर उरकायचो. आई म्हणाली, "अरे, पोहोचवायला नाही, बसायला वाचतात." मग सावकाश वाचू लागलो. सहा वर्षं वाचलं. माझा विश्वास बसला नाही, आजही नाही. पण ज्या ओळींना मी खोटं म्हणायचो, त्यांना आता तो शब्द वापरत नाही. त्या ओळींवर आईचा श्वास हळू होताना मी रोज पाहिलाय. तेही प्रत्यक्षच.

———

सोळा वर्षं एका गुरूंकडे होते

मी फक्त एक लिहीन, बाकीचं अजून लिहवत नाही. त्यांच्याकडे बसल्यावर मला जे जे कळायचं, ते कळल्याबरोबर मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची. त्यांची मान हलली तर ते सत्य. लहानपणी प्रगतिपुस्तक घेऊन बाबांसमोर उभी राहायची तशीच. हे ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी निघाले. आता काही कळलं की कोणाकडे पाहायचं ते समजत नाही, आणि त्या गोंधळातच थोडा वेळ राहते. सिस्टर, तुमची ती दहा मिनिटं मी उद्यापासून करून पाहणार आहे.

———

वय ७८ (मुलगी टाइप करतेय)

मला स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय, सुरुवात आहे. तुम्ही सगळे आपली जागा ओळखायचं म्हणताय. माझी जागा थोडी थोडी पुसली जातेय. कोणते ग्रंथ वाचले, कोणाकडून मंत्र घेतला, का घेतला, हे जायला लागलंय. पहिल्यांदा फार भीती वाटली. चाळीस वर्षं जिने शोधलं तीच उरली नाही तर शोध कोणाचा?

माळ घेऊन बसते. कुठपर्यंत आले ते राहत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मुलगी म्हणते, "आई, सकाळपासून पहिलाच मणी धरून बसलीयस." असेल. मला तो दर वेळी नवा लागतो.