मॅक्लारेन-होंडा: तीन वर्षांचं खापर एकट्या होंडावर का?

सुझुका८८: काल इथं एकानं लिहिलं, ‘फॉर्म्युला वनमध्ये इंजिन देणाऱ्या होंडानं मॅक्लारेन संघाची २०१५ ते २०१७ अशी तीन वर्षं मातीत घातली.’ हे वाचलं की डोकं फिरतं. इंजिन एवढंएवढंसं करा हा हट्ट कोणाचा? मॅक्लारेनचा! गाडीचा मागचा भाग निमुळता हवा म्हणून टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा भरणाऱ्या यंत्राचा) काँप्रेसर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या ‘व्ही’च्या बेचक्यात कोंबायला लावला. टर्बो लहान, त्यामुळे एक्झॉस्टमधून इंजिनाच्या जोडीला लागणारी वीज पुरेशी गोळा होईना, आणि सरळ पट्ट्यावर अर्ध्यातच गाडीचा दम संपायचा. शिवाय २०१८ मध्ये रेनॉचं इंजिन घेऊन मॅक्लारेन ६२ गुणांवर, आणि त्याच इंजिनावर रेड बुल संघानं चार शर्यती जिंकल्या. आता चॅसिसबद्दल, म्हणजे इंजिन सोडून बाकीच्या गाडीबद्दल, बोला.

पिटलेन: हट्ट असेल, पण ‘जमवतो’ म्हणून होंडानंच मान डोलावली ना? २०१७ ला सगळी मांडणी बदलली, तरी बार्सिलोनाच्या चाचणीत पहिल्याच सकाळी तेलाच्या टाकीपायी गाडी गॅरेजात. २०१५ ला बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत, इंजिनाचे जादा भाग वापरले म्हणून दोन गाड्यांना मिळून ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) १०५ जागा मागं जायची शिक्षा, आणि ग्रिडवर गाड्या वीसच! मॅक्लारेनचा ड्रायव्हर अलोन्सो सुझुकात रेडिओवर ‘जीपी टू इंजिन’ (खालच्या दर्जाच्या शर्यतीतलं इंजिन) असं ओरडला तो उगाच नाही.

सुझुका८८: होंडाच्याच मालकीच्या सर्किटवर, होंडाच्याच माणसांदेखत. असं कोणी आपल्या भागीदाराला बोलतं का?

भोसरीकर: बोलतात. मी भोसरीत सीएनसी मशिनवर पार्ट करून देतो. ड्रॉइंग कंपनीचं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कंपनीचा, मटेरियल कुठून घ्यायचं तेही कंपनीनं ठरवलेलं. असेंब्लीत अडलं की डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) मात्र माझ्या नावानं. एकदा बुशचा (नळीसारख्या पोकळ पार्टचा) अख्खा लॉट परत आला, भोकाचा व्यास जास्त म्हणून. माझ्याकडं सगळे पास. जाऊन बघतो तर त्यांचं नो-गो गेजच (भोक मोठं असेल तरच आत जायला हवं ते माप) झिजून बारीक झालेलं, चांगल्या भोकातही सरळ आत शिरत होतं. पैसे? ‘पुढच्या ऑर्डरला बघू.’

क्यूए_चाकण: व्हेंडरची ही रडगाणी रोज ऐकतो. मंजुरीला एक पार्ट दाखवायचा, चालू लॉटमध्ये दुसराच पाठवायचा. मटेरियलचं टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) मागितलं की जुन्याची झेरॉक्स. होंडाचं तरी वेगळं काय? टेस्ट बेंचवर इंजिन ठीक, ट्रॅकवर वळणात तेल एका बाजूला गेलं की बोंब. बेंचवर वळणं नसतात हे आधी कळायला नको?

भोसरीकर: झेरॉक्सवाले असतील, मी नाही. तोंड सांभाळून बोला. कायदा ४५ दिवसांत पैसे द्या म्हणतो, आमची बिलं चार-चार महिने पडून असतात. पगार कशातून करायचे?

क्यूए_चाकण: पैसे अकाउंट्स देतं, मी नाही. माल नापास असेल तर मी नापासच म्हणणार.

भोसरीकर: म्हणा ना! आधी गेज कॅलिब्रेट करा.

तिसरागिअर: दोघंही थांबा. होंडा म्हणजे भोसरीतलं वर्कशॉप नव्हे. ती इंजिन फुकट देत होती, वर मॅक्लारेनला पैसेही. खरी चूक मॅक्लारेनचे तेव्हाचे प्रमुख रॉन डेनिस यांची. त्यांनी होंडाला दुसऱ्या संघाला इंजिन देऊ दिलं नाही. २०१५ ला मर्सिडीजची इंजिनं आठ गाड्यांत, होंडाची दोनच. बिघाड शोधायचा कशावरून?

पिटलेन: हा मुद्दा घ्यावा लागेल. २०२१ ला रेड बुलचा वर्स्टापेन होंडाच्या इंजिनावर जगज्जेता झाला हेही नाकारत नाही. पण ते इंजिन २०१५ चं नव्हे.

सुझुका८८: नव्हेच. मधल्या काळात रेड बुलच्या धाकट्या टोरो रोसो संघानं होंडाचं इंजिन घेऊन ग्रिडच्या शिक्षा सोसल्या, सुधारणांना वेळ दिला. मॅक्लारेननं रेडिओवर शिव्या दिल्या.

क्यूए_चाकण: भोसरीकर, ४५ दिवसांचं तुमचं बरोबर आहे. झेरॉक्सचं मात्र मागं घेणार नाही.

भोसरीकर: नका घेऊ. डेबिट नोट मागं घ्यायला लावा.